खिंडीतला टॉवर

राजधानी, १२ मे

दादा,

हे पत्र टपालाने टाकलेलं नाही. लोकरीच्या ट्रकवरच्या खोत्सोच्या हाती दिलंय. टपालकचेरी आमच्या ऑफिसच्याच आवारात आहे, आणि सध्या माझ्या नावाचं जे काही येतं-जातं ते आधी दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर थांबतं. फोनचं तर बोलूच नको. तुमच्याकडे तो लागत नाही, आणि माझ्याकडे लागतो पण त्यावर काही बोलावंसं वाटत नाही.

मागच्या वेळी तू मला अंगणातूनच घोड्यावर बसवून परत पाठवलंस. वहिनीने मक्याची पापा चुलीवर ठेवली होती, तीही खाऊ दिली नाहीस. तुझे शब्द माझ्या कानात आहेत. "सगळ्या देशाची बडबड आमच्या डोक्यावरून जाते, सेनाते, आणि आमची बाई अडली तर निरोप मात्र घोड्यावरून खाली जातो. हेच शिकायला पाठवलं होतं तुला?" मी म्हणाले होते, गावाला फोन मिळावा म्हणून कागद वर पाठवलाय. पाठवला होता, दादा. तो अजून वरच आहे.

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. काम आहे. तुला गावाच्या सभेत समजावून सांगावं लागेल, म्हणून सोपं करून लिहिते.

आपल्याला समुद्र नाही. इंटरनेटच्या तारा समुद्रातून येतात, मग शेजाऱ्याच्या जमिनीतून, मग आपल्यापर्यंत. आपल्यात शिरायला त्यांना दोन दारं आहेत. एक इथे, राजधानीजवळच्या सीमेवरच्या पुलावर. दुसरं पूर्वेला, तुझ्या खिंडीत. तिथे तार नाही, तो टॉवर आहे, तो एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावर सगळं हवेतून पोचवतो. पुलापलीकडे कुणी रस्ता खणताना तार तोडली, की पहिलं दार बंद पडतं. वर्षातून दोनदा तरी पडतं. मग दवाखाने, बँका, खाणीतल्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे, सगळं गुपचूप तुझ्या डोंगरावरून येतं. कुणाला कळतही नाही. मला कळतं, कारण माझं कामच ते आहे.

आता एका कंपनीला हवंय की दार एकच असावं, पुलावरचं, आणि किल्ली त्यांच्याकडे असावी. दहा वर्षं. मग ते म्हणतील तो भाव, आणि त्यांना किंवा त्यांच्या मागे बसलेल्यांना वाटेल तेव्हा कुलूप. कायद्यात एकच अडचण आहे. आमच्या खात्याच्या तांत्रिक प्रमुखाने स्वतः लिहून द्यावं लागतं की एक दार पुरेसं आहे. तांत्रिक प्रमुख म्हणजे मी. मी लिहून दिलं नाही.

त्यानंतर कुणीतरी तक्रार केली की मी ऑफिसचे कागद परक्यांना दाखवले. चौकशी लागली. पासपोर्ट जमा झाला, मला रजेवर पाठवलं. सरकारी क्वार्टरमध्येच असते. फाटकावर पित्सो नावाचा पहारेकरी बसवलाय. भला माणूस आहे. मी बाहेर पडले की उठतो, "चला म्मे, पिशवी मी धरतो" म्हणतो, आईला हाक मारावी तसं, आणि बाजारभर माझ्या मागून फिरतो. मला अटक झालेली नाही, दादा. फक्त सोडलेलं नाही.

टॉवरखालची जमीन गावाची आहे. तिचा करार या जून-जुलैच्या हिवाळ्यात संपतोय. कंपनीचा माणूस तुझ्याकडे येईल, चांगला भाव देईल, टॉवर काढायचा म्हणेल. नाही म्हण. दुसरं दारच उरलं नाही तर माझ्या सहीवाचून त्यांचं काही अडणार नाही.

माझ्यासाठी करू नकोस. माझ्यासाठी तू का करशील?

सेनाते

ता.क. माझ्या तुमिसांगला दिवस गेलेत. लेकीचं पहिलंच बाळ, माझ्याकडे यायला हवी होती. पण रक्तदाब चढलाय, पलीकडच्या डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. म्हणजे मलाच नदीपलीकडे, सीमा ओलांडून जायला हवं, आणि पासपोर्ट तर जमा आहे.


राजधानी, २ जून

दादा,

खोत्सो म्हणतो, पत्र वहिनीच्या हातात दिलं, ती "ठेवा" म्हणाली आणि तू गोठ्यात होतास. तू वाचलंस की नाही एवढं तरी त्याच्याकडे सांग. शिवी दिलीस तरी चालेल.

काल रामाकौ साहेब घरी आले होते. आमच्या खात्याचे मुख्य. संत्री घेऊन आले, जशी काही मी आजारीच आहे. खुर्चीत बसून हातपाय शेकले, घराची चौकशी केली, मग म्हणाले, "मुलीचं पहिलंच बाळंतपण ना? आईशिवाय कसं व्हायचं?"

मी म्हटलं, "पासपोर्ट द्या, आजच जाते."

"देऊ की. मी कुठे नाही म्हणतोय? एक ओळ लिहायची आहे, बस."

"ती ओळ लिहिली आणि पुलावरची तार तुटली तर? दवाखान्यात काय सांगायचं?"

"तोवर तुम्ही रिटायर झालेल्या असाल," ते म्हणाले आणि संत्रं सोलायला लागले. निम्मं मला दिलं. दादा, मी ते खाल्लं. पाहुण्याने आणलेलं नाकारायचं नाही हे आईने अंगात इतकं मुरवलंय की मी त्यांच्यासमोर बसून ते गोड संत्रं खाल्लं.

जाताना दारात म्हणाले, "तुमच्यावर कुणाचा राग नाही. तुम्ही हुशार आहात. पण हुशार माणसाने आपल्या घराकडे पण बघावं."

मी घराकडे बघत बसते. दुसरं बघायला काही नाही. सकाळी नदीवर जाते, पित्सो मागे. हिवाळ्याने पाणी उतरलंय, गुडघाभर राहिलंय. मेंढरं अलीकडून पलीकडे जातात आणि संध्याकाळी परत येतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. पलीकडच्या काठावर दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसतं. एकदा मी चप्पल काढून काठावर उभी राहिले. पित्सो जवळ आला नाही. लांबूनच म्हणाला, "म्मे, तुम्ही उतरलात तर मी धरणार नाही. पण माझी नोकरी जाईल. चार लेकरं आहेत मला." एवढंच. त्याने बंदूक दाखवली असती तर मी कदाचित उतरले असते.

तुमिसांगचा फोन येतो. पाय सुजलेत म्हणते. "आई, तू कधी येतेस?" असं विचारायचं तिने सोडलंय. ती रडत नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटते. जावई बिचारा चांगला आहे, पण पुरुषमाणूस, बाळंतिणीला काय खायला घालायचं ते मला फोनवर विचारून लिहून घेतो. आणि हे सगळं बोलताना मधेच कुणीतरी खोकतं. आमच्या तिघांपैकी कुणी नाही.

खात्यातले जुने सहकारी रस्त्यात दिसले तर समोरच्या दुकानात शिरतात. परवा एकजण चपलांच्या दुकानात शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. मीच मग वाट बदलली, त्याला चपला घ्याव्या लागू नयेत म्हणून.

एक शब्द कळव, दादा.

सेनाते


नदीपलीकडे, २१ जून

दादा,

हे तुमिसांगच्या घरून लिहितेय. पासपोर्ट मिळाला. कसा मिळाला ते पुन्हा कधीतरी.

मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली. तुमिसांग दोन दिवस शुद्धीवर नव्हती. मी तिच्या खाटेपाशी होते. आता बरी आहे, पातळ आंबील पिते, माझ्यावर चिडते, म्हणजे नक्कीच बरी आहे. बाळ लहानसं आहे, पण आवाज आपल्या आत्यासारखा, पार रस्त्यापर्यंत जातो. मुलगी झाली म्हणून रीतीप्रमाणे मी जावयाच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, ऐन थंडीत. तो कुडकुडत हसत होता आणि परिचारिका ओरडत होती, "फरशी कोण पुसणार?" मीच पुसली.

इथे गल्लीत हिटरचं तेल महाग आहे, पण घर उबदार आहे. भाजी चांगली मिळते. मी तिला हिरवी भाजी आणि मटणाचं पाणी देते.

टॉवरचं मी मागे लिहिलं होतं. त्यावरून तू गावाशी वाईटपणा घेऊ नकोस. लोकांना पैसा हवा असेल तर त्यांचं चुकीचं नाही. तुझ्या मनाला येईल ते कर. मी फार जोर देऊन लिहिलं होतं, तेव्हा मन ठिकाणावर नव्हतं.

वहिनीला सांग, बाळाचे कान तिच्या सासऱ्यासारखे आहेत, म्हणजे आपल्या बाबांसारखे.

सेनाते


हा-मोकोआने, १४ जून
(बर्फाने रस्ता बंद झाला, ट्रक वरच अडकला, हे पत्र पोचलं २ जुलैला.)

सेनाते,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मला लिहायची सवय नाही, तेव्हा चुका काढू नकोस, तू लहानपणी फार काढायचीस.

कंपनीचा माणूस येऊन गेला. बूट असे की त्याला बर्फात घोड्यावरून उतरवताना दोघांनी धरावं लागलं. मला एक घोंगडी आणली होती, उंची, मी एवढी चांगली कुठे पाहिलेली नाही. "प्रमुख, ही तुमच्यासाठी," म्हणाला. मी म्हटलं, सभेत दे. सभेत सगळ्यांसमोर त्याने पुन्हा दिली तेव्हा मी ती बाजूच्या दगडावर ठेवली. थंडी होती, लोक घोंगडीकडेच बघत होते.

त्याने भाव सांगितला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. मग म्हाताऱ्या मामोसाने विचारलं, "बाळा, हा टॉवर गेला की आम्हाला फोन लागेल का?"

तो म्हणाला, "नाही आजी. पण हा असतानाही लागत नाही ना?"

सगळे हसले. मीही हसलो. तुझा मला पुन्हा राग आला, अगदी आतून आला. त्याचं खरंच होतं. मी उठून हो म्हणणार होतो, हे तुला सांगून ठेवतो.

पण त्या शहाण्याला थांबता आलं नाही. लोक हसले म्हणून रंगात येऊन म्हणाला, "तुमच्या बहिणीची काळजी करू नका, प्रमुख. तीपण सही करणारच आहे. सगळेच करतात."

तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, "माझ्या बहिणीला तू ओळखत नाहीस. ही सात वर्षांची असताना बाबांनी तिला मेंढरांच्या वाड्यात कोंडलं होतं, शेजाऱ्याची माफी माग म्हणून. हिने चूक केलेली नव्हती. जेवणाची वेळ गेली, गारा पडल्या, ही आत मेंढरांना टेकून बसली आणि मागितली नाही ती नाहीच. शेवटी बाबाच माफी मागून आले. मी तिच्याशी बोलत नाही, पण ती नाही म्हणाली म्हणजे नाही."

त्यावर मामोसा म्हणाली, "मग आमचंही नाहीच लिही. पण तुझ्या त्या बहिणीला सांग, टॉवरला आमच्याकडे तोंड फिरवायला लाव. देशाचं बोलणं झालं की चार शब्द आमचेही जाऊ दे म्हणावं."

जमीन कंपनीला दिली नाही, टॉवरचाच करार पुढे चालू ठेवला. घोंगडी त्याच्या घोड्यावर बांधून दिली.

आता पुढचं. लोकर विकत घेणाऱ्या सरकारी शेडने आमच्या गावाची लोकर परत केली. ओली आहे म्हणतात. कोरडी ठणठणीत आहे. रस्ता साफ करणारं यंत्र पलीकडच्या वळणापर्यंत येतं आणि तिथून फिरतं. दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. तुझी वहिनी म्हणते, बहिणीशी अबोला होता तेच स्वस्त पडत होतं.

असू दे. इथलं मी बघतो. तू तिथे पाय रोवून राहा.

पोरीचं काय झालं ते कळव.

सेआबाता


नदीपलीकडे, ४ जुलै

दादा,

तुझं पत्र मी तुमिसांगच्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. मग खाली बसले.

मी सही केली आहे.

सतरा जूनला. सकाळी जावयाचा फोन आला. "आई, तिला झटका आला. डोळे फिरवले. डॉक्टर म्हणतात, आजच बाळ काढायचं, तुम्ही या." मी घरच्याच कपड्यांत ऑफिसात गेले. रामाकौ साहेबांनी कागद तयार ठेवला होता. फक्त ती एक ओळ माझ्या अक्षरात हवी होती. "एक दार पुरेसं आहे." मी लिहिली. अक्षर चांगलं आलंय, दादा. मग त्यांनी स्वतःच्याच टेबलाचा खण उघडला आणि पासपोर्ट काढून दिला. इतके दिवस तो तिथेच होता, त्यांच्या चहाच्या कपाजवळ. चौकशी वगैरे काही नव्हतं. मी पुलावरून पळत गेले. पित्सोने पिशवी फाटकापर्यंत आणून दिली.

तुझं पत्र चौदाचं आहे. तू सभेत माझ्यासाठी उभा राहिलास तेव्हा मी सही केलेली नव्हती. तू त्या माणसाला जे सांगितलंस ते त्या दिवशी खरं होतं. मी ते पुढे तीन दिवसच खरं ठेवू शकले.

मागच्या पत्रात मी भाजीचं आणि हिटरचं लिहिलं. तू वाचताना ओळखलं असशील.

गावाने जागा दिली नाही म्हणून टॉवर उभा राहील, पण माझ्या त्या ओळीवर परवाना निघाला की तो चालू ठेवायला कुणालाच परवानगी उरणार नाही. नुसतं लोखंड उभं राहील. तुमची लोकर पडून आहे, रस्ता बंद आहे, ते सगळं फुकट जाईल. एकच मार्ग आहे. सोमवारी हरकतींची जाहीर सुनावणी आहे. ज्याने लिहून दिलं त्याने समक्ष येऊन मागे घेतलं तर परवाना थांबतो. पत्राने किंवा फोनवरून चालत नाही. इथल्या एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मागे घेतलंत तर थांबेल. पण खोटा दाखला दिला असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणणार. ते तुम्हाला तिथून घरी जाऊ देतील असं वाटतं का?"

तुमिसांगला सांगितलं. ती बाळाला पाजत होती.

"इथेच राहा आई. इथे तुला कुणी हात लावणार नाही."

"तुझ्या मामाची लोकर अंगणात पडली आहे."

"मामा तुझ्याशी बोलत पण नाही!"

"बोलला ना. सगळ्या गावासमोर बोलला."

ती खूप चिडली. म्हणाली, "तू माझ्यासाठी सही केलीस, आणि आता ती मागे घेतेस म्हणजे काय? मी मेले असते तर बरं होतं का?" मी तिच्या तोंडावर हात ठेवला. बाळ दचकून रडायला लागलं, मग आम्ही तिघीही रडलो. जावई बाहेर जाऊन उगीचच गाडी पुसत बसला. मी तिला म्हटलं, "ती सही मी पुन्हा अशीच करीन. तुझ्यापर्यंत यायला दुसरा रस्ता नव्हता. पण आता तू बरी आहेस. आता तो कागद तसाच ठेवायला माझ्याकडे काही कारण नाही."

संध्याकाळी माझे बाहेर जायचे कपडे तिनेच इस्त्री केले.

सेनाते


राजधानी, २९ जुलै

दादा,

तुला लोकांकडून कळलंच असेल, पण माझ्या तोंडून ऐक.

सभागृह भरलं होतं. चपलांच्या दुकानात शिरलेला तो सहकारीही मागे उभा होता. माझं नाव पुकारलं तेव्हा रामाकौ साहेब माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, मी दाखल्याला दुजोरा द्यायला आले आहे. मी म्हटलं, "ती ओळ मी मागे घेते. एक दार पुरेसं नाही. मला ते लिहितानाही माहीत होतं."

कंपनीचे वकील उठले. "म्हणजे तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिलंत?"

"हो."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मी नाव घेतलं. पासपोर्ट कुठल्या खणात होता तेही सांगितलं. साहेब छताकडे बघत राहिले.

"आणि उद्या मुलगी पुन्हा आजारी पडली तर तुम्ही पुन्हा वेगळं लिहाल?"

मी म्हटलं, "म्हणूनच किल्ली एकाच्या हातात देऊ नका. माझ्यासुद्धा." सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खुर्च्या मात्र करकरल्या.

परवाना थांबला आहे. रद्द नाही, थांबला. नवी समिती बसेल. तोवर दोन्ही दारं चालू राहतील. रामाकौ साहेबांची दुसऱ्या खात्यात बदली झाली, तिथली खुर्ची मोठी आहे म्हणतात. माझी नोकरी गेली. खोट्या दाखल्याचा खटला सप्टेंबरात उभा राहील, तोवर पासपोर्ट पुन्हा जमा, आणि राजधानीबाहेर जायचं नाही. म्हणजे तुझ्याकडे येता येत नाही आणि तिच्याकडेही नाही. क्वार्टर सोडावं लागलं. बाजारामागे एक खोली घेतली आहे. खिडकी आहे, पण ती भिंतीकडे उघडते.

तुमिसांग रविवारी पुलावर आली होती. मला अडसरापर्यंत जाऊ देतात. ती पलीकडच्या अडसराशी उभी राहिली, बाळ पाठीला बांधलेलं. मधे ट्रकांची रांग होती. तिने बाळ सोडवून उंच धरलं. एवढ्या लांबून मला फक्त घोंगडीचा रंग दिसला. मी हात हलवत राहिले. शिपाई म्हणाला, आजी, आता मागे व्हा. पहिल्यांदाच कुणी मला आजी म्हणालं.

खोत्सो सांगत होता, तू खाली यायचं म्हणतोयस. येऊ नकोस. बर्फ आहे, आणि कंपनीची माणसं अजून त्या खोऱ्यात फिरताहेत. खिंडीत कुणीतरी असायला हवं.

माझी काळजी करू नकोस. मी इथेच आहे. जाणार कुठे?

तुझी,
सेनाते